आयोवातल्या एका फुटबॉल कोचवर दहा मिनिटं बोलायचंय. काय सांगू, काय गाळू?

सीडरफॉल्सकर
नमस्कार मंडळी.
आमच्या इथल्या मराठी मंडळाने यंदा गणपतीत नवीन टूम काढली आहे. आयोवात राहतो, तर आयोवातल्याच एखाद्या माणसावर प्रत्येकाने दहा मिनिटं मराठीत बोलायचं. यादी फिरायला लागली आणि नॉर्मन बोरलॉग लगेच गेले. हर्बर्ट हूवर यांना अजून कोणी वाली नाही. मी एड थॉमस हे नाव टाकलं, तर समितीकडून प्रश्न आला, "हे कोण?"

थोडक्यात सांगतो. आमच्या गावापासून पश्चिमेला गाडीने अर्ध्या तासावर पार्कर्सबर्ग नावाचं गाव आहे. वस्ती १९०० च्या आसपास, चहूकडे मका आणि सोयाबीन. तिथल्या ॲप्लिंग्टन-पार्कर्सबर्ग हायस्कूलचे हे फुटबॉल कोच, १९७५ पासून. आधीची नोकरी धरून एकूण ३७ हंगाम, २९२ विजय, ८४ पराभव. राज्याचं अजिंक्यपद दोनदा, १९९३ आणि २००१. २००५ साली एनएफएलने, म्हणजे इथल्या व्यावसायिक फुटबॉलच्या लीगने, देशातला सर्वोत्तम हायस्कूल कोच म्हणून त्यांचा गौरव केला. आणि २४ जून २००९ च्या सकाळी त्यांच्याच एका माजी खेळाडूने शाळेच्या व्यायामाच्या खोलीत, मुलांच्या देखत, त्यांना गोळ्या घातल्या. वय ५८.

अडचण ही की हे शेवटचं वाक्य बाकी सगळं गिळून टाकतं. समोर पुण्याहून जॉन डिअर या ट्रॅक्टर कंपनीमुळे वॉटरलूला आलेली आमच्यासारखी मंडळी असतील, मोदक खाणारी सात-आठ वर्षांची पोरं असतील आणि उन्हाळ्यापुरते आलेले आजी-आजोबा असतील. माणसाचं आयुष्य सांगायचंय, खून नाही. सुरुवात कुठून करू? आणि हायस्कूलचा कोच म्हणजे इथे काय चीज असते हे आजोबांना कसं समजावू?

पेठेतला_गोली
लै भारी विषय भावा. पर ह्यो फुटबॉल म्हंजे हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर जायचं त्योच न्हवं? पायानं खेळत्यात कमी आन् हातानं जास्त. असू दे, कोच म्हंजे कोच. आमच्या कोल्लापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील आन् खंडोबाची म्याच असली की निम्मी पेठ दुकानं बंद करून जाती. त्यामुळं १९०० वस्तीचं गाव एका कोचसाठी येडं हुतं हे आमाला समजावून सांगायची गरज न्हाई.

टेक्सासतात्या
आजोबांसाठी मसाला देतो, घ्या.
इथे हायस्कूलचा कोच हा बहुतेक वेळा त्याच शाळेतला शिक्षक असतो. दिवसभर वर्ग घ्यायचा, शाळा सुटली की मैदान. त्याचं मानधन वरचं, पण तासांवर भागलं तर हसू येईल इतकं. हंगाम ऑगस्ट ते नोव्हेंबर, पण उन्हाळ्यात वजनं उचलायची, हिवाळ्यात जुन्या सामन्यांच्या चित्रफिती बघायच्या, म्हणजे बारा महिने तोच धंदा. सामना शुक्रवारी संध्याकाळी. गावातला न्हावी, बँकेचा मॅनेजर, पाद्री, सगळे तिथे. शाळेचा बँड, भाजलेल्या सॉसेजचा वास, आणि हरलात तर सोमवारी किराणा घेतानासुद्धा कोचला लोकांची तोंडं बघावी लागतात.
आमच्या टेक्सासात तर विचारू नका. डॅलसजवळच्या ॲलन गावाने २०१२ साली हायस्कूलसाठी सहा कोटी डॉलरचं स्टेडियम बांधलं, १८,००० बसतील असं. दोन वर्षांत काँक्रीटला तडे गेले आणि ते बंद ठेवावं लागलं. २०१५ ला पुन्हा उघडलं.

निवांत_नागपूरकर
तडे गेले म्हणता तात्या? मग तो ठेकेदार आपल्याकडचाच असन बावा.

तर्कटराव
एक वेगळा सूर लावतो, चालेल ना?
२९२ विजय वगैरे ठीक. पण हायस्कूलच्या पोरांच्या खेळाला एवढं डोक्यावर घेणं हेच मुळात मला खटकतं. गणिताच्या शिक्षकाच्या नावाने मैदान होत नाही. दुसरं म्हणजे हे थॉमस अतिशय धार्मिक होते असं वाचलंय. आधी श्रद्धा, मग कुटुंब, मग फुटबॉल असा क्रम मुलांना सांगायचे. सरकारी शाळेत कोचने हे करावं का? २०२२ साली वॉशिंग्टन राज्यातल्या ब्रेमर्टनच्या कोचचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. सामना संपल्यावर मैदानाच्या मधोमध गुडघे टेकून प्रार्थना करायचा. न्यायालयाने ६ विरुद्ध ३ अशा मतांनी त्याच्या बाजूने निकाल दिला, पण तीन न्यायमूर्तींचा विरोधही वाचण्यासारखा आहे. ज्या पोराला प्रार्थना करायची नाही त्याने काय करायचं? संघात कोण खेळणार हे तर कोचच ठरवतो.

गोधडीवाली_आजी
तर्कटराव, मुद्दा बरोबर, जागा चुकली. ते बिचारे सीडरफॉल्सकर गणपतीत बोलणार आहेत. आपल्याकडच्या शाळांत सरस्वतीपूजन होतंच की. तिथे कोणाला विचारता?

तर्कटराव
आजी, तिथेही विचारतो. म्हणून तर घरचे मला कुठल्या समितीवर घेत नाहीत.

सीडरफॉल्सकर
तर्कटराव, तुमचा आक्षेप मी भाषणात घेणार नाही, पण इथे उत्तर देतो. ते रविवारी चर्चमध्ये शिकवायचे हे खरं आहे. पण माझ्या ऑफिसात त्या भागातली माणसं आहेत, ती थॉमस यांचं नाव काढतात तेव्हा धर्माबद्दल क्वचित बोलतात. गवताबद्दल बोलतात! मैदानाची निगा ते स्वतः राखायचे. कापणं, पाणी घालणं, तण उपटणं. गावात त्या मैदानाला 'पवित्र एकर' असंच नाव पडलं होतं.

दुसरी एक गोष्ट मला आकडे बघताना जाणवली. या एवढ्याशा शाळेतून थॉमस यांच्या हाताखालचे चार खेळाडू एनएफएलमध्ये गेले: ॲरन कॅम्पमन, ब्रॅड मीस्टर, जॅरेड डिव्ह्रीस आणि केसी वीगमन. एकाच वेळी चौघं तिथे खेळत होते. आता यांच्या जागा बघा. मीस्टर आणि वीगमन सेंटर, कॅम्पमन आणि डिव्ह्रीस डिफेन्सिव्ह एंड. म्हणजे चौघेही लाइनमधले, दोन्ही संघ समोरासमोर भिडतात त्या पहिल्या रांगेतले. चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक नाही, झेलून पळणारा नाही. ज्यांचं नाव निवेदक चुकून घेतो, ज्यांचं काम समोरच्याला ढकलणं नाहीतर अडवणं, असे चौघं.

टेक्सासतात्या
वा! हे नक्की बोला. सेंटर म्हणजे प्रत्येक डाव ज्याच्या हातून सुरू होतो आणि पुढच्या क्षणी ज्याच्या अंगावर दीडशे किलोचा गडी येतो तो. त्याच्याकडे कोणी बघत नाही. एखाद्या शाळेतून क्वार्टरबॅक निघाला तर त्या पोरात उपजत काही असेल असं म्हणता येतं. चार लाइनमन निघाले तर ती शिकवण्याचीच करामत. पायांची ठेवण, कंबर किती खाली, हात कुठे, हे हजार वेळा घोटून घेतल्याशिवाय येत नाही.

पेठेतला_गोली
ह्ये पटलं. आमच्याकडं बी स्टॉपरला कोण इचारत न्हाई. गोल खाल्ला की मातर गोलीच्या सात पिढ्या काढत्यात. अनुभव हाय.

माहीमची_खाडी
कोचच्या सन्मानावरून आठवलं. आचरेकर सर २ जानेवारी २०१९ ला गेले. शिवाजी पार्कवर शाळकरी पोरांनी बॅटी उंचावून मानवंदना दिली, सचिनने खांदा दिला. १९९० चे द्रोणाचार्य, २०१० चे पद्मश्री. आणि तरी शासकीय इतमाम नाही! मंत्र्यांनी नंतर सांगितलं की समन्वयात गडबड झाली. गावाने कोचला लक्षात ठेवणं आणि सरकारने ठेवणं यात हा असा फरक.

निवांत_नागपूरकर
बरं झालं नाई दिला इतमाम. बंदुकीच्या फैरींपेक्षा पोरांच्या बॅटी लाख पटीनं चांगल्या.

माहीमची_खाडी
नागपूरकर, बोलायला सोपं आहे. तसं असेल तर कोणालाच देऊ नका. राजकारण्यांना मिळतो तेव्हा तुमचे हे विचार कुठे असतात? स्टंपवर ठेवलेल्या एक रुपयाच्या नाण्यातून ज्यांनी आमरे, कांबळी, सचिन घडवले त्यांच्या वेळेलाच साधेपणा आठवतो.

निवांत_नागपूरकर
राजकारण्यांच्या वेळेस मी झोपलेला असतो खाडीभाऊ. पण तुमचा मुद्दा मान्य.

प्रशासक
आचरेकर सरांवर वेगळा धागा आहे, क्रिकेट तिकडे न्यावे. इथे आयोवा.

स्टेथोस्कोप
उशिरा आलो. मी मानसोपचारात काम करतो, म्हणून एक बाजू मांडतो.
गोळ्या घालणाऱ्या तरुणाला पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया होता. आदल्या आठवड्याअखेरीस त्याच्यामागे पोलिसांच्या गाड्या लागल्या होत्या, मग त्याला रुग्णालयाच्या मनोविकार विभागात नेलं, आणि तिथून तो सुटल्याचं पोलिसांना कोणी कळवलं नाही. सुटल्यानंतर लगोलग हे घडलं. पुढच्या वर्षी आयोवाच्या विधिमंडळाने कायदा केला की ज्याच्यावर गुन्ह्याची प्रक्रिया सुरू आहे असा रुग्ण सोडताना पोलिसांना कळवता यावं. लोक त्याला एड थॉमस यांच्याच नावाने ओळखतात. ज्यूरीने वेडाचा बचाव मान्य केला नाही. मार्च २०१० मध्ये खुनाचा दोष सिद्ध झाला आणि जन्मठेप झाली.
भाषणात "एका माथेफिरूने" असा शब्द कृपया वापरू नका. समोर बसलेल्यांपैकी कोणाच्या तरी घरी हा आजार असेल आणि ते कोणाला सांगत नसतील. तो तरुण त्याच गावचा, त्याचं कुटुंब थॉमस यांच्याच चर्चमध्ये येणारं. आणि खून झाला त्याच दिवशी थॉमस यांच्या मुलाने लोकांसमोर येऊन त्या कुटुंबासाठीही प्रार्थना करा असं सांगितलं. त्याच दिवशी! मी रोज दोन्ही बाजूंचे नातेवाईक बघतो. ही गोष्ट किती अवघड आहे याची मला थोडीफार कल्पना आहे.

तर्कटराव
स्टेथोस्कोप, हे मला माहीत नव्हतं. श्रद्धेबद्दल माझं मत तेच आहे, पण या प्रसंगापुढे वाद घालत नाही. एक शंका मात्र आहे. असा कायदा उलटा पडत नाही का? पोलिसांना कळवणार म्हटलं तर रुग्ण दवाखान्यातच यायचा नाही.

स्टेथोस्कोप
रास्त शंका. म्हणूनच तो सरसकट नाही, गुन्ह्याची प्रक्रिया सुरू असलेल्यांपुरताच आहे. सगळ्यांना लावला असता तर मीच विरोध केला असता.

गोधडीवाली_आजी
मी ३० वर्षांहून जास्त काळ शाळेत मराठी शिकवलं, निरोपसमारंभाची आणि शोकसभेची भाषणं ऐकून कान किटलेत. म्हणून सांगते. मृत्यू शेवटाला ठेवलात तर ऐकणारा पहिल्यापासून तिथे कधी पोचतोय याचीच वाट बघतो, आणि सगळं आयुष्य त्या एका क्षणाची प्रस्तावना होऊन बसतं. पहिल्याच मिनिटात एका साध्या वाक्यात सांगून मोकळे व्हा. मग नऊ मिनिटं तुमची. पोरांची काळजी करू नका. अफझलखानाचा वध ऐकत मोठी झालेली आहेत ती.

कूपमंडूक
आजींशी असहमत. मी असतो तर वादळापासून सुरुवात केली असती. चक्रीवादळ, गाव भुईसपाट, मग मैदान. पोरं जागची हलणार नाहीत. मृत्यूचा उल्लेख ओघात.

निवांत_नागपूरकर
वादळ कोणतं? हे तर कोणी सांगितलंच नाई.

सीडरफॉल्सकर
सांगायचं राहिलंच होतं.
२५ मे २००८, रविवार, संध्याकाळ. ईएफ-५, म्हणजे मापनातला सगळ्यात वरचा वर्ग. पार्कर्सबर्गचा दक्षिणेकडचा मोठा भाग गेला. हायस्कूल गेलं, थॉमस यांचं स्वतःचं घरही गेलं. माणसं दगावली. मैदानावर पत्रे, लाकडं, काचा. आता बघा, आयोवात मे महिन्यात असं होणं म्हणजे ऑगस्टमधल्या सरावाला फक्त तीन महिने. शाळाच नाही तर मैदान कशाला, असं कोणीही म्हणालं असतं. थॉमस यांनी ठरवलं की पहिला घरचा सामना याच मैदानावर खेळायचा. लोकांनी रांगा करून हातांनी काचा वेचल्या. काच गवतात राहिली तर टॅकल होऊन पडणाऱ्या पोराच्या अंगात घुसणार, त्यामुळे यंत्र फिरवून भागत नाही. त्या हंगामात सामना तिथेच झाला.
शाळा नसल्याने व्यायामाचं सामान बसगाड्यांच्या शेडमध्ये हलवलं होतं. पुढच्या वर्षी जूनमध्ये ते मुलांचा व्यायाम घेत होते ते तिथेच. म्हणून मला या दोन गोष्टी वेगळ्या काढताच येत नाहीत.

माहीमची_खाडी
कोणी म्हणेल की घरं पडलेली असताना आधी मैदान कशाला. मीही म्हणाले असते. पण १९०० माणसांचं गाव असं मोडलं की लोक शेजारच्या शहरात निघून जातात, शाळा शेजारच्या शाळेत विलीन होते, आणि मग गाव नकाशावर उरतं ते रस्त्याच्या पाटीपुरतं. शुक्रवारी संध्याकाळी सगळ्यांना एका ठिकाणी यायला कारण मिळालं, तर परत घर बांधावंसं वाटत असेल. हे माझं आपलं अनुमान.

सीडरफॉल्सकर
विलीनीकरणाचं तर इथे रोजचंच आहे. शाळेच्या नावातच दोन गावं आहेत बघा, ॲप्लिंग्टन आणि पार्कर्सबर्ग. अगदी लहान शाळा अकरा पोरं जमत नाहीत म्हणून आठ जणांचा फुटबॉल खेळतात.

टेक्सासतात्या
विषय निघालाय तर आणखी तीन नावं, सगळी २०१९ मध्ये गेलेली. व्हर्जिनियात अलेक्झांड्रियाला १९७१ साली गावातल्या तीन हायस्कूलचे वरचे वर्ग एका शाळेत एकत्र केले, काळी आणि गोरी मुलं एका संघात आली, तेव्हा मुख्य कोच झाले काळे हर्मन बून. त्या जागेवर ज्यांचा हक्क मानला जात होता ते गोरे कोच बिल योस्ट त्यांच्या हाताखाली राहिले. संघ राज्यविजेता झाला, पुढे त्यावर सिनेमा आला. योस्ट मे महिन्यात गेले, बून डिसेंबरात. आणि नोव्हेंबरात साउथ कॅरोलिनात समरव्हिलचे जॉन मॅकिसिक गेले, ६२१ विजय! १९५२ पासून एकाच शाळेत.
सिनेमा बूनवर निघाला. मला योस्टबद्दल जास्त कुतूहल आहे. दुय्यम जागा पत्करून राहणं कुठल्या फलकावर लिहीत नाहीत.

कूपमंडूक
तात्या, ६२१ म्हणजे कसोटीतल्या धावा वाटतात.

चष्मेबद्दूर_काकू
या सगळ्यात मेंदूच्या दुखापतींचं कोणी बोलत नाही. त्या खेळात डोकी आपटून पुढे स्मृतिभ्रंश होतो. कोचला देव करताना तेही बोला की.

स्टेथोस्कोप
काकू, काळजी योग्य आहे. वारंवार डोक्याला बसणाऱ्या धक्क्यांचा आणि सीटीई या मेंदू झिजवणाऱ्या आजाराचा संबंध संशोधनातून दिसला आहे, आणि त्यात मोठे आघातच नव्हे तर छोटे छोटे धक्के साठत जाणंही महत्त्वाचं. लाइनमधल्यांना ते जवळजवळ प्रत्येक डावात बसतात. आता सरावात प्रत्यक्ष टक्कर किती वेळ घ्यायची यावर बऱ्याच राज्यांनी मर्यादा घातल्यात. दहा मिनिटांत हे बसवू नका, पण कोणी विचारलं तर उत्तर तयार ठेवा.

सीडरफॉल्सकर
सगळ्यांचे आभार. काल रात्री बसून आराखडा केला, बघा कसा वाटतो.

आजींचं ऐकतोय. पहिल्या मिनिटात एक वाक्य: २००९ साली त्यांच्या आजारी असलेल्या माजी विद्यार्थ्याने त्यांची हत्या केली. बस. मग कोच म्हणजे काय हे तात्यांच्या किराणा दुकानासकट. मग चार लाइनमन. हा माझा मुख्य भाग, यावर तीन मिनिटं देणार. आजोबांना उभं करून ब्लॉक म्हणजे काय, समोरच्याला अंगाने कसं अडवतात, ते दाखवायचा विचार होता, बायकोने हाणून पाडला. मग वादळ आणि काचा. शेवटी कुटुंब: २०१० मध्ये थॉमस कुटुंबाला आर्थर ॲश धैर्य पुरस्कार मिळाला आणि मुलगा ॲरन वडिलांच्याच शाळेत क्रीडा विभाग सांभाळायला आला. २९२-८४ हा आकडा एकदाच घेईन.
थॉमस सांगायचे की मी तुम्हाला नुसतं ब्लॉक आणि टॅकल शिकवलं असेल तर मी नापास, या अर्थाचं काहीतरी. ते घेऊ का?

गोधडीवाली_आजी
गाळा. असं सगळेच कोच म्हणतात. गवत ठेवा.

तर्कटराव
आजींना अनुमोदन. गवत कापणारा कोच मलाही आवडला. प्रार्थनेचं तुम्ही टाळताय, ते मात्र थोडं खोटं वाटतंय. माणूस धार्मिक होता, त्याच्या घरच्यांनी त्या दिवशी जे केलं ते त्या श्रद्धेतूनच केलं असणार. माझ्यासारख्याला पटो न पटो, ते वगळून तुम्ही त्याला आपल्या सोयीचा करताय.

सीडरफॉल्सकर
हं. हे तुमच्याकडून येईल असं वाटलं नव्हतं. घेतो. लाइनमनचं अर्धं मिनिट कमी करतो.

पेठेतला_गोली
भाषणाचा व्हिडिओ टाकायला इसरू नका. आन् राज्याची फायनल कुठं हुती तुमच्याकडं? मैदान बघायचं हाय.

सीडरफॉल्सकर
गोली, फायनल आमच्याच गावात, युएनआय-डोममध्ये. छत असलेलं विद्यापीठाचं स्टेडियम. नोव्हेंबरात बाहेर खेळले तर प्रेक्षक गोठतील. या कधी.

नवीन_सभासद_ओहायो
सगळा धागा वाचला, छान. थोडं अवांतर: माझा मुलगा नववीत जातोय, ऑगस्टपासून फुटबॉलला जायचं म्हणतोय. आई नको म्हणतेय. शाळेत कोणाला भेटायचं असतं?

टेक्सासतात्या
कोचलाच भेटा, आईला घेऊन. दोन प्रश्न विचारा: आठवड्यात प्रत्यक्ष टक्कर किती वेळ, आणि डोक्याला मार लागला तर पोरगं परत मैदानात कोणाच्या परवानगीने उतरतं. नीट उत्तर दिलं तर पाठवा, उडवून लावलं तर क्रॉस कंट्रीला, म्हणजे लांब पल्ल्याच्या धावण्याला घाला. डॉक्टरांच्या तपासणीचा फॉर्म जुलैतच भरून घ्या, ऑगस्टमध्ये तारीख मिळत नाही. आणि डबा दुप्पट द्या.